हिरव्या चट्ट्याची कुळकथा

न्यूझीलंडच्या वायकाटो भागात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे तिकडचा हिवाळा सरताना, कुरणं एकसारखी हिरवी नसतात. फिकट पोपटी गवतात जागोजागी गडद हिरवे चट्टे उठलेले असतात, परातीएवढे किंवा जरा मोठे. चट्ट्यातलं गवत घोट्याच्या वर आलेलं आणि बाजूचं अजून जमिनीलाच चिकटलेलं. काही आठवड्यांपूर्वी तिथे एक गाय उभी राहिली, दोनेक लिटर मुतली आणि पुढच्या घासाकडे वळली. त्या चट्ट्याची जन्मकथा एवढीच.

हा चट्टा शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या आवडत आला. जमिनीला कस आहे, जनावर खाल्लेलं परत देतं आहे, असं तो सांगायचा. आज त्याच चट्ट्यापायी परवाने अडतात, कोर्टकज्जे होतात, निवडणुकीत भाषणं होतात. गायी बारमाही कुरणात चरतात अशा देशांत नद्यातळ्यांत आणि विहिरींत उतरणाऱ्या नत्राचा सर्वांत मोठा उगम हा चट्टाच आहे, खताची गोणी त्यानंतर येते. हे उमगायला फार वेळ लागला. उमगल्यावरही उपाय चट्ट्याच्या आजूबाजूनंच फिरत राहिले.

आधी हिशेब. गाय चाऱ्यातून जेवढं नत्र खाते त्यातला जेमतेम पाव हिस्सा दुधात उतरतो. कोवळ्या रायग्रासमध्ये, म्हणजे तिकडच्या नेहमीच्या चराऊ गवतात, प्रथिनं गायीच्या गरजेपेक्षा जास्त असतात आणि ते जास्तीचं नत्र युरिया होऊन मूत्रातून बाहेर पडतं, दिवसाला दहा-बारा वेळा. ज्या पाव-अर्ध्या चौरस मीटरवर ते पडतं, तिथे नत्राचं प्रमाण हेक्टरी हजार किलोपर्यंत जातं. आपल्याकडे आडसाली उसाला, म्हणजे दीड वर्ष शेतात उभ्या राहणाऱ्या पिकाला, हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे आणि तीही हप्त्याहप्त्यानं द्यायची. इथे त्याच्या दुपटीहून जास्त नत्र अर्ध्या मिनिटात एका जागी ओतलं जातं. गवत त्यातलं झेपेल तेवढं उचलतं. उरलेल्या युरियाचा जमिनीत अमोनिया होतो आणि जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. अमोनियमवर, म्हणजे मातीतल्या ओलाव्यात विरघळलेल्या अमोनियावर, धनभार असतो, मातीच्या कणांवर ऋणभार, म्हणून माती त्याला धरून ठेवते. नायट्रेटवर ऋणभारच असतो, त्यामुळे माती त्याला थारा देत नाही. पुढचा मोठा पाऊस आला की ते पाण्याबरोबर मुळांच्या खाली जातं. एकदा मुळांच्या खाली गेलं की ते शेतकऱ्याचं राहत नाही.

यात ऋतूचाही वाटा आहे. वसंतात पडलेलं मूत्र भराभर वाढणारं गवत बरंचसं पिऊन टाकतं. शरदात, तिकडच्या एप्रिल-मेमध्ये, पडलेलं मूत्र नायट्रेट होईपर्यंत गवत थंडीनं गारठलेलं असतं आणि पाऊस मात्र सुरू झालेला असतो. तीच गाय आणि तेच कुरण, पण पाण्यात जाणारं नत्र काही पटींनी जास्त.

जमिनीतून नायट्रेट पाझरतं हे पहिल्यांदा नीट मोजलं गेलं ते कुरणात नव्हे, गव्हाच्या शेतात. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट या जोडगोळीनं ब्रॉडबॉक नावाच्या शेताखाली १८४९ साली निचऱ्याच्या भाजक्या मातीच्या नळ्या टाकल्या होत्या. त्यांतून बाहेर येणाऱ्या पाण्याची पुढे रासायनिक तपासणी झाली आणि जास्त खत घातलेल्या पट्ट्यांतून जास्त नायट्रेट येतं हे दिसलं. त्यावर समाधान न मानता १८७० साली त्यांनी निचरा मोजायचे तीन हौद बांधले. हौद बांधून त्यात माती भरली तर तिची घडण मोडते, म्हणून त्यांनी उलटं केलं. माती जागेवरच ठेवली. चहूबाजूंनी खणलं, ठोकळ्याच्या खालून भोकं पाडलेले लोखंडी पत्रे सरकवले आणि भोवती सिमेंटमध्ये विटांच्या भिंती उभ्या केल्या. एक ठोकळा २० इंच खोल, दुसरा ४०, तिसरा ६०. प्रत्येकाचं क्षेत्रफळ एकराचा हजारावा भाग. वर ना पीक ना खत. तरी त्या उघड्या मातीतून नायट्रेट येत राहिलं आणि दशकं उलटली तरी थांबलं नाही.

नायट्रेट तयार कोण करतं याचा उलगडा याच सुमारास फ्रान्समध्ये झाला. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी वाळूच्या नळकांड्यातून गटाराचं पाणी सावकाश सोडलं. सुरुवातीचे काही दिवस काहीच घडलं नाही, मग खालून नायट्रेट यायला लागलं. नळकांड्यात क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तर ते बंद पडलं, आणि नंतर ताज्या मातीचं धुवण घातल्यावर पुन्हा सुरू झालं. म्हणजे हे काम रसायनाचं नव्हतं, जिवंत जंतूंचं होतं. जंतूंना झोपवलं तर नायट्रेट थांबतं, ही कल्पना इथे जन्मली. सव्वाशे वर्षांनी तीच न्यूझीलंडमध्ये पोत्यांत भरून विकायला येणार होती.

या सगळ्यातून शेतीशास्त्रानं जो धडा घेतला तो नांगरटीच्या शेतापुरता होता. उघडी जमीन नायट्रेट गमावते, गवतानं झाकलेली राखते. कायमचं कुरण म्हणजे स्वच्छ शेती, ही समजूत तिथून रुजली आणि जवळजवळ शंभर वर्षं टिकली. तीत खोटं काही नव्हतं. फक्त त्या कुरणात गाय उभी नव्हती.

गाय उभी राहिली ती दक्षिण गोलार्धात. १८८२ साली 'डनेडिन' हे शिडाचं जहाज गोठवलेलं मांस घेऊन न्यूझीलंडहून लंडनला पोचलं. बर्फातला माल अर्धी पृथ्वी ओलांडून विकता येतो हे कळल्यावर लोण्याचे दिवस आले. तारानाकी भागात च्यू चाँग नावाच्या चिनी व्यापाऱ्यानं १८८७ साली एल्थमला लोण्याचा कारखाना काढला. या गृहस्थाची आधीची कमाई मोठी गमतीची. जंगल तोडून-जाळून वसाहतवाले कुरणं करत, तेव्हा पडलेल्या ओंडक्यांवर एक कानासारखी बुरशी उगवे. ती विकत घेऊन तो चीनला पाठवी. हाती रोकड नसलेल्या कित्येक घरांना पहिला पैसा दिसला तो या बुरशीचा. जंगल कुजण्यावर एक धंदा आणि जंगलाच्या जागी आलेल्या गवतावर दुसरा.

पण जळक्या जंगलाच्या राखेचा कस काही वर्षांतच संपला. मग नत्र कुठून आणायचं? उत्तर होतं पांढरी क्लोव्हर, आपल्या मेथीघासाची लांबची नातेवाईक. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र पकडतात हे जर्मनीत हेल्रिगेल आणि विल्फार्थ यांनी १८८०च्या दशकात सिद्ध केलं होतं. क्लोव्हरला स्फुरद मात्र भरपूर लागतं, आणि ते मिळालं नाऊरूत. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी त्या चिमुकल्या बेटावरचं फॉस्फेट आपापसांत वाटून घेण्याचा करार केला. १९४९नंतर डोंगरउतारांवर विमानातून सुपरफॉस्फेट टाकणं सुरू झालं. न्यूझीलंडच्या कुरणाला नत्र फुकट मिळतं, असं तिथले लोक अभिमानानं सांगत. ते फुकट होतं खरं, पण त्यासाठी नाऊरूचं पोट खरवडून काढलं गेलं. पन्नासेक वर्षं त्या देशातल्या दुधाचं नत्र या रस्त्यानं आलं, आणि तोवर युरियाच्या गोणीचा या गोष्टीशी फारसा संबंध नव्हता.

याच काळात चट्ट्याला शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली. पाल्मर्स्टन नॉर्थच्या सरकारी गवत संशोधन विभागात पी. डी. सिअर्स यांनी १९४०च्या दशकात एक कष्टाचा प्रयोग केला. मेंढ्यांच्या अंगाला पट्टे आणि पिशव्या बांधून त्यांच्या लेंड्या आणि मूत्र गोळा केलं. काही वाफ्यांवर ते परत घातलं, काहींवर घातलं नाही. परत घातलेल्या वाफ्यांत गवत कितीतरी जास्त वाढलं. क्लोव्हर मागे पडली, रायग्रासनं मुसंडी मारली. निष्कर्ष असा निघाला की चरणारं जनावर हे कुरणाचं खत-यंत्रच आहे. क्लोव्हर नत्र पकडते, जनावर ते गवताला पोचवतं, गवत पुन्हा जनावराला. हे चक्र त्या देशाच्या शेतीचा पाया ठरलं. सिअर्स यांनी विचारलेला प्रश्न होता, जनावरांच्या मलमूत्रामुळे गवत किती वाढतं? वाफ्याखालून काय जातं हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, कारण तेव्हा तो कुणालाच पडलेला नव्हता.

चक्राचा वेग वाढवला दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे विजेचं कुंपण. हॅमिल्टनजवळच्या बिल गॅलाघर यांनी १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते बनवलं. एका तारेवर गायी अडवता यायला लागल्या, तार रोज पुढे सरकवली की आजचा तुकडा आज, उद्याचा उद्या. दुसरी म्हणजे कॅम्पबेल मॅकमीकन यांची शिकवण. रुआकुरा संशोधन केंद्राचे हे प्रमुख. दर एकरी किती गायी हाच दुधाच्या धंद्यातला सर्वांत मोठा आकडा, असं ते आयुष्यभर सांगत राहिले. त्यांच्या प्रयोगांनी दाखवलं की गायी दाटीनं ठेवल्या तर दर गायीमागे दूध थोडं घटतं, पण दर एकरी वाढतं, कारण गवत वाया जात नाही. हिशेब चोख होता. पण एकरी गायी दुप्पट म्हणजे एकरी चट्टेही दुप्पट, ही ओळ त्या वहीत नव्हती.

ती ओळ लिहायला सुरुवात झाली १९७९ साली. पाल्मर्स्टन नॉर्थच्याच रॉजर बॉल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्राच्या चट्ट्यातल्या नत्राचा ताळेबंद मांडला. पाच वर्षांनी बॉल यांचं नाव पुन्हा दिसतं, या वेळी इंग्लंडमधल्या हर्लीच्या संशोधकांबरोबर, 'नेचर'मधल्या एका छोट्या लेखाखाली. रायडन, बॉल आणि गॅरवुड यांनी एकाच जातीच्या रायग्रासचे दोन तुकडे घेतले, दोन्हीला वर्षाला हेक्टरी ४२० किलो नत्र दिलं. एकाचं गवत कापून नेलं, दुसऱ्यावर जनावरं चारली. चारलेल्या तुकड्याखालून झिरपलेलं नायट्रेट कापलेल्याच्या ५.६ पट निघालं. खत, गवत आणि पाऊस सारखेच होते. फरक होता तो जनावर तिथे उभं होतं एवढाच. कायमचं कुरण स्वच्छ असतं ही समजूत त्या दिवशी मोडली, निदान कागदावर.

इथे एक गोष्ट आपल्या वाचकांसाठी सांगायला हवी. गोठ्यात बांधलेल्या गायीची गत निराळी. तिचं मूत्र नालीतून खड्ड्यात जातं, शेण उकिरड्यावर, आणि माणूस ते त्याला हवं तिथे, हवं तेव्हा पसरतो. आपल्याकडे वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ या जिल्ह्यांची नावं केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ सालच्या अहवालात नायट्रेटसाठी आली. तिथलं रसायन हेच असलं तरी तिथल्या नायट्रेटचा इतिहास वेगळा आहे. बारमाही चरणीचा प्रश्न असा की तिथे खत कुठे, कधी, किती हे गाय ठरवते.

न्यूझीलंडचं फुकटचं नत्र दरम्यान अपुरं पडायला लागलं होतं. १९८२ साली तारानाकीत कापुनीला नैसर्गिक वायूपासून युरिया बनवणारा कारखाना उभा राहिला. १९८४नंतर सरकारनं शेतीची अनुदानं काढून घेतली, मेंढ्यांचा धंदा बसला, आणि ज्याला जमेल तो दुधाकडे वळला. कँटरबरीची सपाट, दगडगोट्यांची, पाणी धरून न ठेवणारी जमीन पूर्वी मेंढ्या आणि धान्याची. तिच्यावर बोअरचं आणि कालव्याचं पाणी फिरत्या तुषार-सांगाड्यांनी पडायला लागलं आणि गायी आल्या. देशातली दुधाची जनावरं १९९० साली सुमारे ३४ लाख होती, २०१४ साली ६७ लाख झाली. १९९१ साली खतातून जमिनीत जाणारं नत्र ६२ हजार टन होतं, २०१९ साली ४ लाख ५२ हजार. दगडगोट्यांच्या जमिनीत नायट्रेट अडवायला काही नसतं. २००२ साली हौशी मासेमारांच्या संघटनेनं 'गलिच्छ डेअरी' असा फलक उंचावला आणि शब्द चिकटला. पुढच्याच वर्षी दूध कंपनी आणि सरकार यांनी नदी-नाल्यांना कुंपण घालायचा करार केला. कुंपणामुळे गाय नदीत उतरायची थांबली, आणि फोटोत नदी बरी दिसू लागली. नायट्रेट मात्र कुंपणाखालून जातं.

युरोपनं तोवर दुसरी वाट धरली होती, आणि तिची सुरुवात पिण्याच्या पाण्यापासून झाली. अमेरिकेतल्या आयोवामध्ये हंटर कॉम्ली या डॉक्टरनं १९४५ साली विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटमुळे तान्ही मुलं निळी पडतात हे नोंदवलं होतं. लिटरला ५० मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा त्या विकाराला धरून आली. (डेन्मार्कच्या २०१८ सालच्या मोठ्या पाहणीत याहून कितीतरी कमी पातळीलाही आतड्याच्या कर्करोगाशी संबंध दिसला, आणि ती चर्चा अजून मिटलेली नाही.) युरोपीय समुदायानं १९९१ साली नायट्रेटचा कायदा केला आणि सरळ जनावरांच्या मलमूत्रावर बोट ठेवलं: हेक्टरी १७० किलो नत्र, त्यावर नाही. आयर्लंडमध्ये एका गायीमागे वर्षाला ८५ किलो धरत, म्हणजे हेक्टरी दोन गायी. आयरिश शेतकऱ्यांचं म्हणणं, आमचं गवत लांब वाढतं, आम्हाला जास्त पेलतं. २००७ साली त्यांना २५०पर्यंत सवलत मिळाली, म्हणजे जवळजवळ तिसरी गाय. मग २०१५ साली युरोपचा दूध-कोटा उठला, आयर्लंडच्या दुभत्या गायी दहा-अकरा लाखांवरून सोळा लाखांवर गेल्या आणि दक्षिण-पूर्वेच्या नद्यांत नायट्रेट चढलं. २०२४पासून बऱ्याच भागांत ती सवलत २२०वर आणली गेली. यावरून तिथे आजही भांडण आहे. पण भांडण कशावर आहे ते सगळ्यांना कळतं: गायी मोजता येतात.

न्यूझीलंडला ही गायींची मोजणी नको होती. जनावरं किती ठेवायची हे सरकारनं सांगायचं नाही, जमिनीखालून किती जातं तेवढंच सांगायचं, असा तिथला बाणा. तत्त्वाला धरून हे अधिक न्याय्य. अडचण एवढीच की जमिनीखालून जाणारं दिसत नाही.

टाऊपोच्या तळ्यावर या तत्त्वाची पहिली खरी कसोटी लागली. सहाशे चौरस किलोमीटरहून मोठं, ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं, पंधरा-पंधरा मीटर खोलपर्यंत दिसणारं पाणी. भोवतालच्या प्यूमिसच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाच्या, जमिनीतून झिरपलेलं नायट्रेट तळ्यात पोचायला काही ठिकाणी काही दशकं लागतात. म्हणजे आज नितळ दिसणाऱ्या तळ्याकडे मागच्या पिढीनं सोडलेलं नत्र अजून वाटेत आहे. प्रादेशिक परिषदेनं पाणलोटातल्या प्रत्येक शेताला २००१ ते २००५ या काळातलं उत्पादन पाहून नत्राची हद्द ठरवून दिली. त्याशिवाय पाणलोटातलं आटोक्यात आणता येणारं नत्र वीस टक्के कमी करण्यासाठी जवळजवळ ८ कोटी न्यूझीलंड डॉलरचा सार्वजनिक निधी उभा केला आणि शेतकऱ्यांकडून नत्र सोडायचे हक्क विकत घेतले. काहींनी जमीन वनशेतीला दिली. २०११ साली नियम पक्के झाले. तळ्याच्या तळाची मालकी न्गाती तुफारेतोआ या माओरी जमातीकडे आहे आणि भोवतालच्या जमिनीचा मोठा भागही त्यांच्याच ट्रस्टांचा. म्हणजे स्वच्छ तळंही त्यांचं आणि हद्द बसलेली शेतीही त्यांचीच. त्यातल्या बऱ्याच जमिनीवर शेती अजून पुरती उभीही राहिलेली नव्हती. ज्यांनी आधी भरपूर गायी ठेवल्या त्यांना भरपूर हक्क, ज्यांनी जंगल राखलं त्यांना थोडे. हा अन्याय कुठल्याही हद्दीत येतो आणि टाऊपोलाही आला.

ही हद्द मोजली कशानं? 'ओव्हरसीअर' नावाच्या संगणकी प्रतिमानानं. ते मुळात शेतकऱ्याला खताचा सल्ला द्यायला घडलेलं. शेतावरची जनावरं, माती, पाऊस, खत यांचे आकडे घातले की वर्षाला हेक्टरी किती नत्र मुळांखाली गेलं याचा अंदाज ते देई. प्रादेशिक परिषदांनी त्या अंदाजालाच परवान्याचा आकडा केलं. २०१८ साली संसदेच्या पर्यावरण आयुक्तांनी त्याच्या आतली गणितं उघड नसल्याबद्दल बोट दाखवलं, आणि २०२१ साली सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञांनी एखाद्या शेतातून किती नत्र जातं हे ते विश्वासानं सांगू शकेल असं आम्हाला वाटत नाही, असा निर्वाळा दिला. गायी मोजायच्या टाळून ज्या आकड्यावर विसंबले, तो आकडा असा हातून निसटला. ज्यांनी त्यावर कर्ज काढून कुरणं सुधारली, त्यांचा राग मला समजतो.

आता पुन्हा जंतूंकडे. ख्राइस्टचर्चजवळच्या लिंकन विद्यापीठात कीथ कॅमेरून आणि हाँग डी यांनी रोथॅमस्टेडचीच युक्ती पुढे नेली. अर्धा मीटर व्यासाची पोलादी नळकांडी कुरणात हळूहळू खाली उतरवायची, आतला ७० सेंटिमीटरचा मातीचा ठोकळा अखंड उचलायचा. माती आणि पोलाद यांच्यातल्या फटीतून पाणी सुटू नये म्हणून त्या फटीत वितळवलेली पेट्रोलियम जेली ओतायची. मग वर गायीचं मूत्र, हेक्टरी हजार किलो नत्राच्या हिशेबानं, आणि खाली बाटली. अशा नळकांड्यांत त्यांनी डायसायनडायमाइड, थोडक्यात डीसीडी, फवारून पाहिलं. ते अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना काही आठवडे झोपवतं. बाटलीतलं नायट्रेट कित्येक चाचण्यांत साठ टक्क्यांहून जास्त घटलं. २००४च्या सुमारास हे औषध बाजारात आलं आणि शरदात कुरणावर फवारलं जाऊ लागलं. शेतकऱ्याला गायी तितक्याच ठेवता आल्या, गवतही जरा वाढलं. यापेक्षा सोयीचा उपाय मिळणं शक्य नव्हतं.

२०१२ साली दुधाच्या भुकटीत डीसीडीचे अंश सापडले. अगदी सूक्ष्म, आरोग्याला धोका नाही असं सरकारनं सांगितलं. पण अन्नात किती डीसीडी चालेल याचा आंतरराष्ट्रीय आकडा कुणी ठरवलेलाच नव्हता, आणि आकडा नसेल तिथे शून्यच चालतं. निर्यातीवर जगणाऱ्या देशाला, त्यातही तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीवर, शून्य ओलांडणं परवडणारं नव्हतं. जानेवारी २०१३मध्ये ते विकणाऱ्या दोन्ही खत कंपन्यांनी ते बाजारातून काढून घेतलं. पाणी वाचवणारं औषध पाण्यामुळे नव्हे, दुधामुळे गेलं.

त्यानंतरचे उपाय चट्ट्याच्या जवळ सरकत गेले. लांबट पानांच्या प्लॅन्टेनचं, म्हणजे आपल्या इसबगोलाच्याच प्रजातीतल्या एका रानटी झाडाचं बी कुरणात मिसळतात. ते खाल्लेली गाय जास्त मुतते आणि पातळ मुतते, त्यामुळे तेवढंच नत्र जास्त जागेवर पसरतं. त्यातली काही द्रव्यं मातीतल्या जिवाणूंनाही मंदावतात. मॅसी विद्यापीठाच्या शेतावर त्याच्या चाचण्या झाल्या. कुणी प्रथिनं कमी असलेला मक्याचा मुरघास शरदात देतं, कुणी पावसाळी दिवसांत गायी कुरणातून काढून पक्क्या फरशीवर उभ्या करतं. आणि २०२१ साली ऑकलंड आणि जर्मनीतल्या संशोधकांनी वासरांना ठरावीक जागी मुतायला शिकवून दाखवलं. सोळातली अकरा शिकली. वर्तमानपत्रांनी त्यावर भरपूर विनोद केले, पण शिकलेलं एक वासरू म्हणजे कुरणातले दिवसाचे काही चट्टे कमी, आणि हा विनोद नाही.

त्याच वर्षी जुलैपासून सरकारनं चराऊ जमिनीवर कृत्रिम नत्राला हेक्टरी १९० किलोची मर्यादा घातली. गोणीला मर्यादा घालणं सोपं, गोणीवर आकडा छापलेला असतो. कमी गोणी म्हणजे कमी गवत, कमी गवत म्हणजे कधी ना कधी कमी गायी, असा तो लांबचा रस्ता.

जवळचा रस्ता लिंकन विद्यापीठाच्या स्वतःच्या डेअरीनं चालून पाहिला होता. शेजारच्या छोट्या तुकड्यांवर आधी दोन पद्धती समोरासमोर ठेवल्या: हेक्टरी पाच गायी आणि भरपूर नत्र, किंवा साडेतीन गायी आणि १५० किलोच्या आसपास नत्र. दुसरीत मुळांखाली जाणारं नत्र बरंच घटलं, दर गायीमागे दूध वाढलं, खत आणि विकतचा चारा वाचला, आणि नफ्यात मोठा फरक पडला नाही. २०१४च्या हंगामापासून विद्यापीठाच्या मुख्य डेअरीनंही साडेतीनचा आकडा घेतला. मॅकमीकन यांच्याच पद्धतीनं मोजून, त्यांच्या उलट्या दिशेनं.

तरी हा आकडा कँटरबरीभर झरझर पसरला नाही. तिथली डेअरीची जमीन ती किती दूध देते यावर विकली जाते, आणि बँक त्याच किमतीवर कर्ज देते. २०१८च्या सुमारास देशातल्या दुग्धव्यवसायावरचं कर्ज ४० अब्ज डॉलरच्या घरात होतं. नफा तितकाच राहिला तरी हेक्टरी दूध उतरलं की जमिनीची किंमत उतरते, आणि तारण कमी पडतं. त्यामुळे गायी कमी करायच्या म्हटल्यावर शेतकरी आधी बँकेच्या माणसाला विचारतो.